सुगी, जत्रा, जयंती : मराठवाड्यातील लोकगायकाच्या कारकिर्दीचा आढावा

मराठी लोकगीतांचा अभ्यास गेल्या शंभर वर्षांत बराच पुढे गेला असला, तरी तो मुख्यतः गीतांचाच अभ्यास राहिला. गायकाचा अभ्यास त्यामानाने फारच थोडा झाला. ओव्या गोळा झाल्या, भारुडांची संपादने निघाली, विधिगीतांचे प्रकार ठरले, परंतु ही गीते ज्यांच्या गळ्यातून आली ती माणसे गाणे कोठे शिकली, वर्षातील कोणत्या महिन्यांत त्यांनी त्यावर पोट भरले, उरलेल्या महिन्यांत काय केले आणि आवाज बसल्यानंतर त्यांचे काय झाले, हे प्रश्न संकलनाच्या वहीबाहेर राहिले. या लेखात ‘लोकगायक’ ही संज्ञा अशा गायकासाठी वापरली आहे, ज्याची तालीम घरात, देवळाच्या ओट्यावर किंवा जाणत्या गायकाच्या मागे झील धरता धरता झाली, ज्याचे गाणे ऐकणाऱ्यांच्या विधीशी, श्रमाशी वा चळवळीशी बांधलेले आहे आणि ज्याची उपजीविका पूर्णतः किंवा अंशतः त्या गाण्यावर अवलंबून आहे. अशा गायकाच्या कारकिर्दीला आकार देते ती श्रोत्यांची दिनदर्शिका, आणि ती बदलली की कारकिर्दीचे स्वरूपही बदलते, असे मराठवाड्यातील सामग्रीवरून म्हणता येते.

या पाहणीसाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३पर्यंतचे औरंगाबाद, हे शहर आणि त्याचा परिसर विशेष उपयुक्त ठरतो, कारण लोकगायनाच्या एकमेकींपासून बऱ्याच दूरच्या परंपरा येथे थोड्या अंतरात सापडतात. दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर गोदाकाठचे पैठण आहे, जेथे संत एकनाथांची भारुडे रचली गेली. शहरालगतच्या सातारा गावात खंडोबाचे देऊळ आणि चंपाषष्ठीची यात्रा आहे. खुलताबादेत सूफी दर्गे, उरूस आणि कव्वाली आहे. आणि शहरातच नागसेनवन व विद्यापीठ परिसर आहे, ज्याने आंबेडकरी गायनाला हक्काचा श्रोता दिला. याच शहरात प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. गाणे सांगणारा कोण आणि त्याला ते सांगण्याचा अधिकार कोणाकडून मिळतो, हा प्रश्न मध्यवर्ती मानणाऱ्या थोड्या अभ्यासकांपैकी ते एक होते. २०२३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

मांडे यांच्या ‘मांग आणि त्यांचे मागते’ या ग्रंथाच्या नावातील ‘मागते’ हा शब्द लोकगायकाच्या जुन्या कारकिर्दीची किल्ली आहे. मागते म्हणजे विशिष्ट जातीकडेच मागण्याचा परंपरागत हक्क असलेला समूह. किंगरी वाजवून जातिपुराण सांगणारा डक्कलवार हा मातंगांचा मागते, आणि अशीच नाती इतर जातींतही होती. गावगाड्यात गोंधळी, वासुदेव, पोतराज, वाघ्या यांच्या गाण्याचा मोबदला पैशात ठरत नसे, तर सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या वाट्यात ठरे. त्यामुळे गायकाच्या वर्षाची विभागणी पिकाबरोबर होई. अश्विनातील नवरात्रात गोंधळ्याला मागणी, मार्गशीर्षात खंडोबाची जागरणे, लग्नसराईत नवदांपत्याच्या घरी जागरण-गोंधळ, चैत्र-वैशाखात जत्रा, आणि मृग लागला की गायकही इतरांसारखाच शेतमजूर. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले परभणीचे राजारामभाऊ कदम यांच्यासारख्यांनी संबळ आणि तुणतुण्याचा हा विधी शहरी रंगमंचापर्यंत नेला. ज्या असंख्य गोंधळ्यांनी दिवटी हाती घेऊन रात्रीच्या रात्री आख्याने लावली, त्यांना मात्र ‘कार्यक्रम’ हा शब्दच परका होता. त्यांच्या लेखी ते कुळाचाराचे काम होते आणि त्याला दाद देण्याचा नव्हे, तर धान्य देण्याचा रिवाज होता.

या व्यवस्थेकडे आज हळव्या नजरेने पाहिले जाते, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. गाण्याचा हक्क आणि गाण्याची सक्ती यांत गावगाड्याने फारसा फरक ठेवला नव्हता. पोतराजाचा मुलगा पोतराजच होई. खंडोबाला वाहिलेल्या मुरळीच्या आयुष्याचा निर्णय ती लहान असतानाच झालेला असे. तिच्या गाण्यामागे देवाशी लावलेले लग्न आणि त्यातून येणारे शोषण उभे होते. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २००५चा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम केला. परंपरा जपण्याची भाषा बोलताना हा कायदा कशासाठी करावा लागला, याची आठवण ठेवलीच पाहिजे.

पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) यांनी या मागत्यांच्या गाण्याला वेगळेच वळण दिले. वासुदेव, जोगवा, गोंधळ, पांगुळ, विंचू अशी दारोदारच्या गायकांची सोंगे आणि गावातील प्रसंग घेऊन त्यांनी भारूड हा रूपकाचा प्रकार समृद्ध केला. वरवर गमतीचा संवाद आणि आत अध्यात्माचा अर्थ, अशी त्याची दुहेरी वीण असते. भारुडाचे भजनी, सोंगी आणि कूट असे तीन प्रकार मानले जातात. भजनी भारूड टाळ-मृदंगावर म्हटले जाते, सोंगी भारुडात वेश घेऊन अभिनय होतो, तर कूट भारुडाचा अर्थ गायकाला उकलून सांगावा लागतो. एका गोष्टीकडे मात्र कमी लक्ष गेले आहे. एकनाथांनी गायकाचा आवाज घेतला, आणि त्यामुळे तो चारशे वर्षे टिकला. परंतु शेवटच्या चरणात नाममुद्रा आली ती कवीची. नाममुद्रा म्हणजे रचनाकाराने गीतात गुंफलेले स्वतःचे नाव. तोंडी प्रसारात कवीचा रचनेवरील हक्क सांगणारा हा एकमेव दस्तऐवज असतो. गायकाला असा कोणताच दस्तऐवज नसतो. त्याने घेतलेली हरकत, त्याने घातलेली पदरची ओळ, श्रोत्यांच्या रोखाने त्याने वळवलेला दृष्टान्त, हे सारे त्याच्या नावाशिवाय पुढच्या गळ्यात जाते.

सोंगी भारुडाच्या परंपरेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला अलीकडच्या काळात सर्वांत मोठी ओळख दिली ती सिल्लोड तालुक्यातील रहिमाबादच्या निरंजन भाकरे यांनी. ‘बुरगुंडा’ हे एकनाथी भारूड आणि भाकरे यांचे नाव मराठवाड्यात एकत्रच घेतले जाऊ लागले. एकाच भारुडाने गायकाला नाव मिळवून द्यावे, ही लोकगायकाच्या कारकिर्दीतील नेहमीची गोष्ट आहे. श्रोते गायकाला एका गाण्याने ओळखतात आणि प्रत्येक गावी तेच मागतात, त्यामुळे त्याच त्या गाण्यात दरवेळी काही नवे भरणे हेच गायकाचे खरे कसब ठरते. भाकरे यांनी व्यसनमुक्ती आणि स्वच्छता यांसारखे विषय सोंगी भारुडात आणले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे सरकारी प्रचाराचे मिश्रण वाटेल, पण ते बरोबर नाही. श्रोत्यांच्या चालू जगण्यातील प्रसंग उचलणे हाच भारुडाचा मूळ स्वभाव आहे आणि एकनाथांनीही तेच केले होते.

गायकाच्या आयुष्यात झालेला सर्वांत मोठा बदल मात्र देवळाच्या परंपरेतून आला नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली, आणि पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज ठेवून गण-गौळणीच्या जागी विचार आणला. त्याच वाटेने १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांच्या आंबेडकरी जलशांनी गावोगाव अस्पृश्यतेविरुद्धचे गाणे नेले. जलसा म्हणजे गाणे, संवाद आणि बतावणी यांतून केलेले जाहीर प्रबोधन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गावकीची हलकी कामे आणि वतनदारीची लाचारी सोडण्याचे आवाहन केल्यावर दलित गायकासमोर जो प्रश्न उभा राहिला, तो केवळ विषयाचा नव्हता. खळ्यावरचे धान्य नाकारायचे म्हणजे गाण्याची जुनी दिनदर्शिकाच नाकारायची होती. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक घरांतून पोतराजाचा आसूड आणि जोगव्याची परडी गेली. वाद्ये मात्र गेली नाहीत.

दिमडीचे उदाहरण येथे जवळून पाहण्यासारखे आहे. एका हाताच्या पंज्यात मावणारे हे लहान, गोल, एका बाजूने मढवलेले वाद्य खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हाती असते. डाव्या हाताने कडे धरून त्याच हाताच्या बोटांनी कातड्यावर ताण देत, उजव्या हाताच्या बोटांनी ते वाजवतात, आणि ताण कमी-अधिक झाला की नाद वर-खाली होतो. परंपरेने त्याला घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाल्यापासून शेळीचे कातडे किंवा कृत्रिम पडदा आला आणि नादही पालटला. हीच दिमडी पुढे भीमगीतांच्या मंचावर आली. मीराताई उमप यांनी तर पुरुषांचे मानले गेलेले हे वाद्य हाती घेऊन भीमगीते आणि भारुडे गायिली. म्हणजे एकाच वाद्यावर आधी देव बदलला आणि मग हातही बदलला.

मराठवाड्यात या नव्या गाण्याला श्रोता मिळाला तो शिक्षणामुळे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि खेड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांची पहिली मोठी पिढी नागसेनवनात एकत्र आली. तीच मुले सुट्टीत गावी जाऊन जयंतीच्या समित्या उभ्या करू लागली आणि गायनपार्ट्यांना सुपाऱ्या देऊ लागली. १९५८मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतचा दीर्घ लढा सभांइतकाच गाण्यांतून चालला. तेव्हापासून दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर जनसागर लोटतो, आणि दिवसभर आजूबाजूला गाणे चालू असते. गायकाच्या दिनदर्शिकेत एखाद्या चळवळीने एका नव्या तारखेची भर घातल्याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

या दिनदर्शिकेचा सर्वांत मोठा कवी-गायक म्हणजे वामनदादा कर्डक (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. मुंबईत कष्टाची कामे करत त्यांनी प्रौढ वयात अक्षरओळख मिळवली, १९४३च्या सुमारास गीतलेखन सुरू केले आणि त्यानंतरचे आयुष्य अक्षरशः गावोगाव फिरत काढले. त्यांच्या गीतांची संख्या हजारोंत सांगितली जाते. कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम, तेथेच नवे गीत, रात्री मंच आणि सकाळी पुढचे गाव, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे मराठवाड्यातही त्यांच्या गीतांचे वारस घराण्याने नव्हे, तर मुक्कामांनी तयार झाले. शास्त्रीय संगीतात गुरूच्या घरी शिष्य राहतो, येथे गुरूच शिष्यांच्या घरी राहत होता. लोकगायनातील तालमीचे स्वरूप समजून घेण्यासाठी ही उलट रीत फार महत्त्वाची आहे आणि तिचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

जयंतीच्या हंगामाचे अर्थकारण मात्र कठोर आहे. १४ एप्रिलला एकाच रात्री सर्व गावांना गायक हवा असतो, आणि एक गायक एकाच गावी असू शकतो. म्हणून अनेक गावे आपली जयंती पुढे ढकलून मेअखेरपर्यंत साजरी करतात. एका पार्टीत मुख्य गायक, झील धरणारे दोघे-तिघे, ढोलकी, हार्मोनियम, बँजो आणि आता ऑक्टोपॅड, शिवाय गाडी आणि चालक असतो. ठरलेली बिदागी आणि आधी घेतलेला इसार या सर्वांत वाटला जातो. गाणे चालू असताना श्रोते देतात ते बक्षीस वेगळे, आणि त्यासाठी गायकाला कडव्यांच्या मध्ये थांबून देणाऱ्याचे नाव पुकारावे लागते. दोन पार्ट्यांचा दुरंगी सामना असेल, तर उत्तराला प्रत्युत्तर तेथल्या तेथे रचावे लागते, आणि तीच गायकाची कसोटी असते. या साऱ्यातून सहा-सात आठवड्यांत जे हाती येते, त्यावर वर्षाचा मोठा भाग निभावायचा असतो. उरलेल्या काळात ६ डिसेंबर, बुद्ध पौर्णिमा, रमाई जयंती अशा तारखांची जोड मिळते. पण पावसाळा रिकामाच जातो.

स्त्रियांच्या गाण्याकडे वळले की कारकीर्द हा शब्दच अपुरा पडतो. जात्यावरची ओवी हे मराठी लोकगीतांचे सर्वांत विपुल भांडार आहे; गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. येथे मात्र गायिकेचे नाव ओवीबरोबर नोंदले गेले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या त्यामुळेच त्यांच्या नावाने उरल्या. परंतु दळणाला बिदागी नव्हती, आणि पिठाची गिरणी आली तेव्हा कष्ट वाचले तसा गाण्याचा प्रसंगही संपला.

दारोदार गाणाऱ्या स्त्रीची कहाणी निराळी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा भागातील कडुबाई खरात यांनी वडिलांकडून आलेली एकतारी हाती धरली, पतीच्या निधनानंतर मुलांसाठी दारोदार भजने आणि पुढे भीमगीते गायिली, आणि मोबाईलवर फिरलेल्या चित्रफितींनी त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचवला. भोपळा, वेळू आणि एक तार एवढेच हे वाद्य; ते सूर धरते आणि ठेकाही देते, म्हणून ज्या गायिकेमागे पार्टी नाही तिला एकटीने उभे राहता येते. कडुबाईंच्या गायनात या एकटेपणाची ताकद ऐकू येते. तार खाली गुणगुणत असते आणि त्यावर मोकळा, न घासलेला, वरच्या पट्टीचा आवाज येतो, ज्याला स्टुडिओतील भरगच्च साथ उलट झाकून टाकते.

ध्वनिमुद्रणाने नेमके काय बदलले, हे समजण्यासाठी अमेरिकेतील ग्रामीण गाण्याचा दाखला उपयोगी पडतो. १९२७च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल या सीमेवरच्या गावी रॅल्फ पीअर याने व्हिक्टर कंपनीसाठी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे गाणे मुद्रित केले, आणि ‘कंट्री’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या संगीताचा बाजार उभा राहिला. ए. पी. कार्टर याने डोंगराळ वस्त्यांतून गाणी गोळा केली, तेव्हा चाली लक्षात ठेवण्याचे काम लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक करत असे. गाणी मात्र कार्टर याच्या नावावर नोंदली गेली. तेथे रेडिओवरील नियमित कार्यक्रम आणि जाहिरातदार यांनी गायकाला बारमाही उत्पन्न दिले. महाराष्ट्रात रेडिओ सरकारी होता. परभणी आणि औरंगाबादच्या आकाशवाणी केंद्रांनी स्वरचाचणी घेऊन लोकगायकांना श्रेणी दिली, मानधन दिले आणि त्याहून मोलाचा असा लेखी करार दिला. तरी वर्षातून मिळणाऱ्या मोजक्या प्रसारणांवर घर चालणे शक्य नव्हते.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज मराठवाड्यातील प्रत्येक रसवंतीत आणि वडाप गाडीत पोहोचले. प्रल्हाद शिंदे कव्वाली, विठ्ठलगीत आणि भीमगीत तितक्याच सहजतेने गात. ज्या मराठवाड्याने उरुसाची कव्वाली आणि पंढरीची वारी शेजारी-शेजारी ऐकली, त्याला हा आवाज परका वाटला नाही. कॅसेटने गायकाला नाव आणि चेहरा दिला. परंतु गाणे बहुधा एकरकमी मोबदल्यावर दिले जाई आणि विक्री वाढली तरी गायकाकडे वाटा येत नसे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि सादरकर्त्यांच्या हिश्श्याला बळ दिले. पारंपरिक गीताला मात्र कोणी नोंदलेला कर्ता नसतो, म्हणून ते गाणारा गायक तेथेही अर्धा बाहेरच राहतो. कॅसेटची खरी मिळकत अप्रत्यक्ष होती. ती वाजली की पुढच्या जयंतीची सुपारी येई. मोबाईलच्या चित्रफितीचेही तेच आहे. कीर्ती बारमाही झाली, मिळकत हंगामीच राहिली.

याचा सर्वांत कटू पुरावा कोरोनाच्या काळात मिळाला. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि २०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. म्हणजे दोन्ही वर्षी नेमका चैत्र-वैशाखाचा हंगाम बुडाला. जत्रा नाहीत, लग्ने मोजक्या माणसांत, जयंती घरात. अनेक व्यवसायांचे दोन-तीन महिने गेले, लोकगायकांची दोन वर्षे गेली. खंडोबाच्या गीतांनी घराघरांत पोहोचलेले छगन चौगुले मे २०२०मध्ये या आजाराने गेले, आणि २३ एप्रिल २०२१ रोजी निरंजन भाकरे गेले.

म्हातारपणासाठी राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. पूर्वी श्रेणीनुसार दरमहा २,२५० ते ३,१५० रुपये मिळत, २०२४पासून सर्वांना ५,००० रुपये झाले, ही वाढ स्वागतार्हच आहे. अडचण आहे ती पुराव्याची. दीर्घ काळाची कामगिरी कागदावर दाखवावी लागते आणि ज्याने आयुष्यभर तोंडी ठरवून, रोख घेऊन गायिले त्याच्याजवळ कात्रणे, प्रमाणपत्रे आणि निमंत्रणपत्रिका नसतात. ज्याचे गाणे मंचापेक्षा अंगणात अधिक झाले, तो गोंधळी किंवा वाघ्या येथे सर्वांत मागे पडतो, आणि वास्तविक परंपरा मुख्यतः त्यानेच वाहिलेली असते.

गायकाच्या घरी कागद अगदीच नसतो असे मात्र नाही. जवळपास प्रत्येक पार्टीवाल्या गायकाकडे गाण्यांच्या वह्या असतात. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेल्या, मुखपृष्ठाला प्लास्टिक घातलेल्या या वह्यांत प्रत्येक गीताच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द आणि पुढे एखाद्या चित्रपटगीताचे नाव असते. खोडलेली कडवी, शेजारी वेगळ्या शाईत केलेले बदल आणि कोठे कोणते गाणे चालले याच्या खुणा असतात. गीतांच्या संपादकाला त्यात पाठभेद मिळतील, पण गायकाच्या चरित्रकाराला त्याहून अधिक मिळेल, कारण एका माणसाने कोणत्या वर्षी कोणासाठी काय गायिले याचा दुसरा लेखी आधार नाही. या वह्या सहसा ग्रंथालयात जात नाहीत; त्या पार्टीतल्या झीलकऱ्याकडे जातात, आणि त्याने गाणे सोडले असेल तर त्याच्या मुलांकडे, जेथे त्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीच्या ढिगावर ठेवल्या जातात.